न सोडला

कुत्र्याने चेंडू आणला, निवृत्त मास्तराच्या बुटाजवळ येऊन बसला आणि चेंडू सोडला नाही. झालं ते एवढंच. सकाळी सव्वानऊला बसथांब्यावर सात-आठ माणसं उभी होती, कुणी फोनमध्ये, कुणी रस्त्याकडे बघत. शेजारच्या बागेच्या फाटकातून एक तपकिरी, एका कानाचं टोक तुटलेला कुत्रा पळत आला आणि नेमका त्याच्यासमोर बसून जबड्यातला चेंडू वर करून दाखवू लागला. तो वाकला. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या हातात चेंडू देण्याचं आणि लोकांच्या हातातून चेंडू घेण्याचं काम केलं होतं. समोर चेंडू आला की हात पुढे जायचाच. त्याने चेंडू धरून ओढला, तर कुत्र्याने दात आवळले, पुढचे पाय रोवले आणि शेपूट हलवत गुरगुरायला लागला. "देत नाही तो," मागून चालत आलेली मालकीणबाई म्हणाली. "सगळ्यांकडे घेऊन जातो आणि कुणालाच देत नाही. तोच त्याचा खेळ आहे." दोन-चार लोक हसले. तोही हसला, रुमालाने बोटं पुसली. तेवढ्यात बस आली. तो चढला, खिडकीजवळची जागा मिळाली, मांडीवर बॅग घेतली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला श्वास नीट घेता येत नाहीये. छातीत काही दुखत नव्हतं. फक्त हवा आत जायची आणि अर्ध्यात थांबायची. तोच त्याचा खेळ आहे. बाई किती सहज बोलून गेली. त्याने स्वतः हे वाक्य पस्तीस वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं, आणि खेळ म्हणजे काय हे सांगणारी तीन पुस्तकं त्याच्या नावावर होती.

बॅगेत एक फाइल होती आणि फाइलमध्ये एकच कागद, संमतीपत्र. अकरा वाजता समितीची बैठक, तिथे त्याने त्या कागदावर सही करायची, की त्याची पट्टी पुढच्या महिन्यापासून एकशे अठरा रुग्णालयांत लागू होणार. पट्टीचं खरं नाव लांबलचक होतं, पण ते कुणीच घेत नसे. विद्यार्थी पट्टी म्हणत आणि त्याला पाठीमागे पट्टीमास्तर. पक्षाघात झालेली, डोक्याला मार लागलेली, वाचा गेलेली माणसं उपचाराच्या खेळात किती भाग घेतात हे मोजायची ती पद्धत. समोर बसायचं, हातात चेंडू द्यायचा, परत मागायचा. नजर वळली तर एक. हात पुढे आला तर दोन. असं करत आपणहून खेळ काढला तर पाच. आणि शून्य तीन प्रकारचं: न पाहिला, न घेतला, न सोडला. दहा सेकंदांत चेंडू परत आला नाही की शेवटच्या चौकोनात खूण करायची. सलग तीन बैठकांत शून्य आलं की त्या माणसाचा खेळ थांबवायचा आणि ती जागा पुढच्याला द्यायची. हे सगळं त्याने लिहिलेलं. त्यातला शब्दन्‌शब्द त्याला पाठ होता, आणि आज बसमध्ये तो मनात परत म्हणताना एका चौकोनापाशी येऊन अडकत होता.

न सोडला हा चौकोन कुठून आला हे त्याला चांगलं आठवत होतं. तेव्हा तो नुकता लागला होता. महाविद्यालयात कवायत शिकवायची आणि दुपारी रुग्णालयाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, खेळघर म्हणत तिला, आजाऱ्यांना खेळवायचं, अशी नोकरी. सासरे लोकांना सांगत, जावई म्हाताऱ्यांना चेंडू खेळवतो, त्याचा सरकार पगार देतं. त्या खोलीत एक टपाल खात्यातला कारकून यायचा. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेला. त्याच्या हातात चेंडू दिला तर त्याने तो चाळीस मिनिटं धरून ठेवला. कारकुनाची बायको रडायला लागली, हे खेळतायत म्हणाली. त्याने उत्साहाच्या भरात ही गोष्ट रुग्णालयाच्या साप्ताहिक सभेत सांगितली. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, त्याच्या तळहाताला तुम्ही काठी लावली तर काठीही धरेल. नर्सची बाही धरतो तो. ती पकड मेंदूची नाही, मेंदू नसल्याची आहे." सगळी खोली हसली. त्यात कुजकेपणा नव्हता, आणि डॉक्टरांचं खरंच होतं. पण ते हसू त्याच्या कानात पुढे कित्येक वर्षं राहिलं. त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला आणि नियम लिहिला, की धरणं मोजायचं नाही, देणं मोजायचं. बायको समोर मशीनवर बसली होती. ती शिवणकाम शिकवायची, आणि खेळघरातले पहिले चेंडू तिने शिवले होते, जाड कापडाचे, सहा पाकळ्यांचे. शिवण मुद्दाम बाहेरून ठेवलेली, म्हणजे बधिर बोटांनाही ती लागावी. तिने नियम ऐकला, दाताने दोरा तोडला आणि विचारलं, "आणि कुणाला द्यायचाच नसला तर?" तो म्हणाला, "मग तो खेळत नाहीये." ती म्हणाली, "अहो मास्तर, वस्तू न देता छळणारी बहीण तुम्हाला नाही हे कळतं हो." त्याने मान वर केली नाही. तो दहा सेकंद लिहावं की पंधरा याचा विचार करत होता.

त्या नियमावर त्याचं सगळं पुढे उभं राहिलं. आकडे आले तसं लोकांचं हसणं थांबलं. पत्र्याच्या खोलीचा विभाग झाला, विभागाला दार आलं, दारावर पाटी आली. तो व्याख्याता झाला, प्राध्यापक झाला, परदेशी पाहुणे यायला लागले, त्यांना तो घड्याळ लावून दाखवायचा. पाहुणे मुठीतून चेंडू सोडवायची त्याची पद्धत बघून खूश व्हायचे. ती पद्धत सोपी होती. बोटं उलगडायला जायचं नाही, बोटांशी भांडायचं नाही. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवायचं, मुठीच्या पाठीवर अंगठा ठेवायचा, मूठ आपोआप सैल पडते. हे त्याने शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं. प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा अंगठा ठेवून शिकवलं. सासऱ्यांनी मरण्याआधी एकदा त्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, तुमचं नाव पेपरात वाचलं, आता मी लोकांना सांगतो जावई शास्त्रज्ञ आहे. बायको दारात उभी राहून हसत होती. तिचं हसणं घशातून यायचं, थोडं खरखरीत, सुरुवातीला खोकल्यासारखं. अनोळखी माणसं पाणी आणायला उठायची.

बस सिग्नलला थांबली. पलीकडे एका दुकानाचं शटर अर्धं उघडून आत कुणीतरी फरशी पुसत होतं. तो तिकडे बघत राहिला आणि त्याला घरातली ती खोली दिसली. रुग्णालयातून मिळालेला पलंग, खिडकी, आणि पलंगावर ती. डाव्या मेंदूत गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चौदा महिने. पहिल्या दिवसापासून त्याने तिला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. दहाला आणि पाचला, दिवसातून दोनदा, तो खुर्ची ओढून समोर बसायचा आणि तिने शिवलेला चेंडू तिच्या हातात द्यायचा. निळी वही होती. तारीख, वेळ, आकडा, शेरा. पहिले काही महिने वही चांगली होती. दोन, तीन, चार. मग बाराव्या महिन्यात कधीतरी ती चेंडू घ्यायची आणि द्यायचीच नाही. त्याच्याकडे बघत राहायची. तो हात पुढे करायचा, म्हणायचा, दे. ती बघत राहायची. तो घड्याळाकडे बघायचा. सात, आठ, नऊ. मग तिच्या घशातून एक आवाज यायचा. त्याने वहीत लिहिलं होतं: अर्थहीन आवाज. मग तो तिचं मनगट धरायचा, आत वाकवायचा, अंगठा ठेवायचा, आणि चेंडू त्याच्या तळहातावर यायचा. न सोडला. न सोडला. न सोडला. तीन झाल्यावर त्याने चेंडू कपाटात ठेवला. त्याला वाटलं होतं की आपण तिचा त्रास वाचवतोय. आपल्याच माणसासाठी नियम मोडायचा नाही, याचा त्याला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता, आणि हे आठवून बसमध्ये त्याचे कान तापले. त्यानंतर ती नऊ आठवडे होती. त्या नऊ आठवड्यांत दहा वाजता आणि पाच वाजता ती दाराकडे बघायची. त्याने त्याला दिशाभ्रम म्हटलं होतं.

आणि आता कुत्रा. ती असती तर म्हणाली असती, मला कुत्र्याच्या पंगतीला बसवलंत ना, मास्तर. म्हणाली असती आणि खोकल्यासारखी हसली असती. त्याने डोळे मिटून खोली पुन्हा उभी केली. खिडकी कुठे होती, खुर्ची कुठे, आपण कुठल्या बाजूला बसायचो. तिचा कुठला हात? नियमात हात विचारलेलाच नव्हता. चौकोनात हातासाठी जागा नव्हती. पण ती मेंदू नसल्याची पकड, जिच्यावरून सगळी सभा हसली होती, ती येते लुळ्या पडलेल्या बाजूला. चांगल्या हाताला नाही. चांगला हात धरतो तेव्हा माणूस धरतो. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता आलं असतं, आणि ते त्याने पस्तीस वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं. त्याने फोन काढला आणि मुलीला लावला. ती दुसऱ्या शहरात होती, पण आईच्या शेवटच्या वर्षी दर पंधरा दिवसांनी येऊन राहायची.

"झाली सही?" मुलगी म्हणाली.

"अजून नाही. तुला एक विचारायचं होतं. आई चेंडू कुठल्या हाताने धरायची?"

"काय?"

"कुठल्या हाताने?"

"डाव्या. उजवा कुठे हलत होता तिचा. बाबा, काय झालंय?"

"आणि तो आवाज काढायची ती. चेंडू धरला की."

मग ती म्हणाली, "हसायची ती, बाबा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, वहीत तसा रकाना नाही."

शेजारी बसलेल्या माणसाने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. त्याने फोन खिशात ठेवला. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. बऱ्याच दिवसांत आला नव्हता असा, पायापासून वर चढणारा. बायको गेल्यापासून लोक त्याला आजाऱ्यासारखं वागवत होते. हळू बोलायचे, खुर्ची द्यायचे, सर तुम्ही बसा म्हणायचे, आणि तो बसायचा. दीड वर्ष तो बसलेला होता. सही करायला सांगितली तर करायला निघाला होता. आता त्याला वाटलं, ती नऊ आठवडे दाराकडे बघत होती आणि आपण तिला निवृत्त केलं. तिला अजून खेळायचं होतं. तिला आपल्याला छळायचं होतं. आयुष्यभर जसं छळलं तसंच, उजवी बाजू गेल्यावरही, वाचा गेल्यावरही, हाताशी उरलेल्या पाच बोटांनी. आणि आपण मनगट वाकवलं.

रुग्णालयाच्या थांब्यावर तो उतरला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बैठकीला वेळ होता, म्हणून तो खेळघरात गेला. दालन मोठं होतं. जमिनीवर निळ्या चटया, भिंतीला दांड्या, कोपऱ्यात चाकाच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या. सहा जागा होत्या आणि सहाही भरलेल्या. शेवटच्या खुर्चीत एक कुलुपं-किल्ल्या करणारा माणूस होता. सगळे त्याला चावीवाला म्हणत, त्याची बायकोसुद्धा. पक्षाघात, उजवी बाजू, वाचा बंद. समोर बसलेली उपचारिका त्याच्या पट्टीचा कागद भरत होती. "सर, दोन झालेत यांचे," ती हळूच म्हणाली. "आज तिसरं आलं तर द्यावी लागेल जागा. बाहेर यादीत चौदा जण आहेत." चावीवाल्याची बायको दाराशी पिशवी घेऊन उभी होती. त्याने विचारलं, "दोन कुठले?" "दोन्ही न सोडला." त्याने बॅग खाली ठेवली, उपचारिकेच्या जागी बसला आणि चेंडू चावीवाल्याच्या डाव्या हातात दिला. हात मोठा होता, बोटांच्या टोकांना काळे डाग कायमचे बसलेले. मग तो म्हणाला, दे. चावीवाल्याने दिला नाही. त्याने घड्याळाकडे बघितलं नाही. चेंडूची दुसरी बाजू धरली आणि ओढला. चावीवाल्याने घट्ट धरला. त्याने थोडा सोडला, पुन्हा ओढला. आता चावीवाल्याने स्वतःकडे ओढला, एक झटका, मोजून, कुलूप फिरतंय का ते बघावं तसा. मग थांबून त्याच्याकडे बघितलं. तोंडाची डावी कड वर गेली. दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, "असंच करतात घरी. चमचा देत नाहीत, चष्मा देत नाहीत. फार वात आणलाय." तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. उपचारिकेच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. "सर," ती म्हणाली, "पावणेदोन मिनिटं झाली. काय लिहू?" तो म्हणाला, "कुठला हात ते लिही." "तशी जागा नाहीये." "मग कागदाच्या कडेला लिही. शाईने."

बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, सात खुर्च्या, मध्ये पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षबाई आरोग्य खात्यातून आल्या होत्या, नीटनेटक्या, घाईत. त्यांच्या उजवीकडे समितीचा आकडेतज्ज्ञ संगणक उघडून बसला होता, आणि डावीकडे आताची विभागप्रमुख. ती त्याची विद्यार्थिनी, वीस वर्षांपूर्वीची. त्याच्या निवृत्तीनंतर तिने विभाग चालवला होता आणि पट्टी इथवर आणण्याची धावपळ सगळी तिची. तिने उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला नाही. फाइलमधून कागद काढून त्याने डाव्या हातात घेतला.

"मला एक आकडा हवा आहे," तो आकडेतज्ज्ञाला म्हणाला. "एकूण शून्यांपैकी न सोडला किती?"

आकडेतज्ज्ञाने कळा दाबल्या. त्याला प्रश्न आवडलेला दिसला. "एक्केचाळीस टक्के."

"त्यातले चांगल्या हाताने न सोडलेले किती?"

"हाताची नोंद नाहीये, सर."

"नाहीये. ती मी ठेवली नाही. चूक माझी आहे." तो सावकाश बोलत होता, वर्गात बोलायचा तसा. "लुळ्या हाताची पकड आपोआप असते. चांगल्या हाताची नसते. ज्यांनी चांगल्या हाताने धरून ठेवला ते खेळत होते. आपण त्यांना शून्य दिलं आणि घरी पाठवलं. पस्तीस वर्षं."

खोलीत कुणी हसलं नाही. त्याला क्षणभर वाटलं की हसले असते तर बरं झालं असतं. विभागप्रमुखबाई टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. तिचा सगळा प्रबंध या शून्यांवर होता. हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे तिलाही.

"सर," ती खाली बघत म्हणाली, "हे आज नको ना. आपण दुसऱ्या आवृत्तीत घालू. हाताचा चौकोन घालू, मी स्वतः करते."

"दुसरी आवृत्ती कधी?"

"दोन वर्षं. फार तर तीन."

"आणि तोवर एकशे अठरा रुग्णालयांत तीन शून्यं आली की जागा खाली. खाली खेळघरात चावीवाला बसलाय. त्याला सांगशील दोन वर्षं थांब म्हणून?"

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू?"

अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं. "हे बघा, तुमच्यावर जो प्रसंग आला त्याची आम्हा सगळ्यांना कल्पना आहे. अशा वेळी माणूस जुन्या गोष्टींकडे वेगळ्या नजरेने बघतो. ते साहजिक आहे. पण हा निर्णय तुम्ही दुःखातून घेताय."

"हो," तो म्हणाला. "दुःखातूनच घेतोय. बायको मेली नसती तर मला हे कळलंच नसतं. पस्तीस वर्षं हुशारीतून घेत होतो."

कुणीतरी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिता पुन्हा लावलं. आकडेतज्ज्ञ चष्मा पुसत म्हणाला की तांत्रिकदृष्ट्या मुद्दा बरोबर आहे. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने चष्मा घातला आणि पडद्यात डोकं घातलं.

"तुम्ही सही केली नाहीत तर तुमच्या नावाशिवाय पुढे जावं लागेल," त्या म्हणाल्या.

"जा. पण पट्टी माझी आहे. ती दिल्याचा कागद हा. आणि हा मी देत नाहीये."

"कागद दुसरा छापता येतो."

"छापा. तोही धरून ठेवीन."

त्याला स्वतःचाच आवाज ऐकून बरं वाटत होतं. आवाज चढलेला नव्हता. घरी भांडताना बायकोचा आवाज असाच असायचा, खाली, सरळ, आणि तिथून हलायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिला मशीन विकून टाक म्हटलं होतं, खोली लहान पडते म्हणून. ती मशीनच्या पायडलवर पाय ठेवून बसून राहिली. काही बोलली नाही, रडली नाही, शिवतही नव्हती. संध्याकाळपर्यंत बसली. शेवटी त्याने खोली बदलली. त्या मशीनवर पुढे सगळे चेंडू शिवले गेले. आता त्याच्या मनात आलं, ती तेव्हापासून आपल्याला शिकवत होती, आणि आपण शिकलो ते फक्त घड्याळ लावायला.

अध्यक्षबाईंनी टेबलावरून हात पुढे केला, तळहात वर. "द्या," त्या म्हणाल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात, थकवा होता. "तो कागद माझ्याकडे द्या. आपण शांतपणे पुढच्या आठवड्यात बोलू."

त्याने कागद दिला नाही. डाव्या हातात तो धरलेला होता, छातीशी नाही, लपवून नाही, समोर, सगळ्यांना दिसेल असा. भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदकाटा टकटक न करता सरकत होता. त्याने मोजायचं नाही असं ठरवलं, पण सवय सुटेना. दोन, तीन. अध्यक्षबाईंचा हात तसाच पुढे. चार. खाली कुठेतरी चाकाची खुर्ची वळताना रबर घासल्याचा आवाज आला. पाच. विभागप्रमुखबाई खुर्चीतून अर्धी उठली. सहा. तिने हात पुढे केला, आणि तो कागदाकडे गेला नाही. तो त्याच्या मनगटाकडे गेला. तिची बोटं मनगटाखाली आली, अंगठा मुठीच्या पाठीवर टेकला, अचूक जागी, त्याने वीस वर्षांपूर्वी तिच्या हातावर ठेवून शिकवला होता तिथे. सात. तिला स्वतःलाही कळलं नसावं आपण काय करतोय. आठ. त्याने तिच्याकडे बघितलं. हात मागे घेतला नाही, फक्त बघत राहिला. आणि आपण कसं बघतोय हे त्याला आतून कळलं, कारण या नजरेसमोर तो खुर्ची ओढून रोज बसत होता, दहाला आणि पाचला.

नऊ. तिचा अंगठा थांबला. तिने आधी त्याच्या हाताकडे बघितलं, मग तो हात कुठला आहे ते बघितलं, आणि चटका बसल्यासारखी बोटं काढून घेतली. मग ती खाली बसली, समोरच्या पट्टीचा छापील नमुना ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि कागदाच्या कडेला, जिथे जागा नव्हती तिथे, काहीतरी लिहायला लागली.

दहा होऊन गेले. "शून्य लिहा," तो अध्यक्षबाईंना म्हणाला. त्यांचा हात अजून तसाच पुढे होता, आणि त्या हाताकडे बघता बघता त्याच्या घशातून एक आवाज निघाला, खरखरीत, खोकल्यासारखा. आकडेतज्ज्ञ घाईघाईने उठला आणि त्याच्यासाठी पाण्याची बाटली उघडायला लागला.